नवे गुडघे, जुनं रक्त

गुडघे बदलले म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साठी-सत्तरीतले काका-मावशी येतात. माझे दोन्ही गुडघे २०१६ साली बदलले, तेव्हा मी ४२ वर्षांचा होतो. इंदूरला आपल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत भेटणारे अजूनही विचारतात, "एवढ्या लवकर? पडला होतात का?" पडलो नव्हतो. मला जन्मापासून हिमोफिलिया आहे. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आता बरं झालं ना सगळं?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' म्हणावं तर खोटं आणि 'नाही' म्हणावं तर त्याहून खोटं. उभ्या उभ्या ते सांगून होत नाही. म्हणून हा लेख.

गुडघा 'भरतो' म्हणजे काय

आपल्या रक्तात गुठळी धरायला मदत करणारे बरेच घटक असतात. त्यांतला आठवा घटक (फॅक्टर आठ) कमी असला तर हिमोफिलिया ए, आणि नववा कमी असला तर हिमोफिलिया बी. 'ए' प्रकार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. माझा प्रकार 'ए' आणि तोही तीव्र, म्हणजे फॅक्टरचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. लोकांना वाटतं, बोट कापलं की अशा माणसाचं रक्त भळाभळा वाहतं. तसं नसतं. आमचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते जास्त वेळ वाहत राहतं. आणि खरा त्रास बाहेरच्या जखमेचा नसतोच. तो आतला असतो, सांध्यांमधला. गुडघे, घोटे आणि कोपरं हे त्याचे आवडते सांधे.

माझं लहानपण रामबागेत गेलं. आमच्या घरी एक शब्द रुळलेला होता, 'भरला'. "आज शाळेत जाणार नाही, उजवा भरलाय." गुडघ्यात आधी कसंसंच व्हायचं, मग तो गरम व्हायचा, मग नारळाएवढा सुजायचा. बर्फ, क्रेप बँडेज, उशीवर पाय, आणि फारच झालं तर रुग्णालयात प्लाझ्मा किंवा क्रायोची पिशवी. आठ-दहा दिवसांनी सूज उतरायची आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकायचे.

पण आत काम चालूच असायचं. सांध्यात साचलेल्या रक्तातलं लोह आतल्या अस्तरात मुरतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यामुळे तो सांधा पुन्हा पुन्हा भरू लागतो. हळूहळू कूर्चा झिजून जाते आणि हाडावर हाड घासू लागतं. इतरांना सत्तराव्या वर्षी जे होतं, ते आम्हाला तिशीत होतं. पस्तिशीत माझा उजवा गुडघा सरळ व्हायला ३० अंश कमी पडायचा आणि ७० अंशांच्या पुढे वाकायचा नाही. डावा त्याहून थोडा बरा. मी एका ऑफिसात हिशोबाचं काम करतो. खुर्चीवरचं काम म्हणून नोकरी टिकली, पण ऑफिसचा जिना मी एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत चढायचो.

चालण्यापेक्षा वाईट होती ती रात्र. कूस बदलली की जाग. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारखी नेहमीची वेदनाशामकं आम्हाला चालत नाहीत, कारण ती रक्तस्राव वाढवतात. पॅरासिटामॉल घ्यायचं आणि सकाळची वाट बघायची. माझी पत्नी शेजारी जागीच असायची, हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं. त्यावर आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

आईचा नकार

ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा घरात सगळ्यात ठाम विरोध आईचा होता. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा फारसा त्रास नसतो, पण तिच्या माहेरी कुणाला तरी झालेला असतो. आमच्याकडे तो आईच्या थोरल्या भावाला होता. १९६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दात काढल्यानंतर रक्त थांबलं नाही आणि मामा गेले. आई तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने त्या चार दिवसांत उशीचे अभ्रे धुतले होते.

"त्याचा नुसता दात काढला होता," ती म्हणाली. "तुझे तर दोन्ही पाय कापायला निघालेत."

तिला कुणी वेडगळ म्हणू शकत नव्हतं. मामांच्या वेळी क्रायोसुद्धा नव्हतं, डॉ. जुडिथ पूल यांनी ती पद्धत शोधली ती १९६०च्या दशकाच्या मध्यात. शेवटी रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनीच आईला समोर बसवून कागदावर हिशोब मांडला. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलो वजनामागे दिलं की रक्तातली पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. माझं वजन ५८ किलो. म्हणजे पातळी शून्यावरून शंभरावर न्यायला साधारण २९०० युनिट लागणार. ती पातळी दर बारा तासांच्या आसपास निम्म्यावर येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पुढचे डोस. पहिले तीन दिवस पातळी बरीच वर ठेवायची, मग दोन आठवड्यांत हळूहळू खाली आणायची. "आजी, रक्त थांबवणारी गोष्ट आम्ही आधी भरतो, मग सुरी लावतो," डॉक्टर म्हणाले.

आईने दुधाच्या हिशोबाची वही मागवली आणि त्यात डोसांच्या वेळा लिहायला सुरुवात केली. तो तिचा होकार होता.

त्याआधी तपासण्या झाल्या. सर्वांत महत्त्वाची तपासणी इन्हिबिटरची. काही रुग्णांचं शरीर दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तसं असेल तर नेहमीचा फॅक्टर चालत नाही आणि सगळं नियोजन बदलतं. माझ्यात इन्हिबिटर नव्हते. लहानपणी घेतलेल्या प्लाझ्मामुळे एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्याही झाल्या. तिथे नशिबाने साथ दिली. माझ्या वयाच्या अनेक हिमोफिलिया रुग्णांना ती मिळाली नाही.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचं ठरलं. त्यामागे फॅक्टरचा हिशोब होता. दोन वेगळी ऑपरेशनं म्हणजे जवळपास दुप्पट फॅक्टर. माझ्या एका ऑपरेशनलाच पस्तीस हजारांहून जास्त युनिटं लागली. बाजारातून घ्यायची तर ती काही लाखांची. सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत मिळू लागला नसता, तर आमच्यासारख्या घरात हा विषय निघालाच नसता.

दहा गोष्टींची यादी

ऑपरेशनच्या महिनाभर आधी फिजिओथेरपिस्टबाईंनी मला एक काम दिलं. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम तर होतेच. शिवाय त्या म्हणाल्या, "गुडघे बदलल्यावर तुम्हाला काय काय करता यायला हवं, अशा दहा गोष्टी लिहून आणा."

मी लिहिल्या. रात्री सलग झोप. स्वतःचे मोजे स्वतः घालणं. मुलीच्या शाळेचा जिना. घरापासून राजवाड्यापर्यंत पायी जाणं. सराफ्यात रात्री उभं राहून भुट्ट्याचा कीस खाणं. ऑफिसात दुपारनंतरही सरळ चालणं. बायकोला स्कूटरवर मागे बसवून नेणं. गणपतीची पूजा मांडी घालून करणं. पंगतीत पाटावर बसणं. लहान मुलाशी बोलायला उकिडवं बसणं.

सर्जननी यादी वाचली, पेन काढलं आणि शेवटच्या तीन ओळींवर रेघ मारली. "हे मी देऊ शकणार नाही. वरच्या सातांसाठी प्रयत्न करू."

त्या क्षणी वाईट वाटलं. पण आज मला वाटतं, माझ्या ऑपरेशनच्या यशातला मोठा वाटा त्या तीन रेघांचा आहे. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६०-६५ अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८०-९०च्या आसपास, साध्या खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. उकिडवं बसायला १२०च्या पुढे. बदललेला गुडघा किती वाकेल हे बरंचसं तो आधी किती वाकत होता यावर अवलंबून असतं. वर्षानुवर्षं आखडलेले स्नायू आणि अस्तर एका दिवसात सैल होत नाहीत. वेदना जाणं ही या ऑपरेशनची सर्वांत भरवशाची देणगी आहे. जास्त वाकणं ही मिळाली तर वरकड. हे आधी कळलं नाही, तर वेदना जाऊनही माणूस फसवल्यासारखा बसून राहतो.

आज माझा उजवा गुडघा जवळजवळ सरळ होतो आणि ९० अंशांपर्यंत वाकतो, डावा ९५ पर्यंत. यादीतल्या सातही गोष्टी मला करता येतात.

वॉकर आणि कोपर

हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पहिले सहा आठवडे कठीण होते. व्यायामाच्या आधी फॅक्टर, व्यायामानंतर बर्फ, असा दिनक्रम. वेदनेपेक्षा भीती मोठी. आयुष्यभर 'दुखलं की थांबायचं' हेच शिकलो होतो, आणि आता बाई म्हणत होत्या, "थोडं दुखेल, तरी वाकवा." कुठलं दुखणं व्यायामाचं आणि कुठलं रक्तस्रावाचं, हा फरक ओळखायला शिकणं हीच खरी फिजिओथेरपी होती.

तिसऱ्या आठवड्यात डावं कोपर भरलं. वॉकरवर सगळा भार हातांवर येतो, आणि आमची कोपरं आधीच दुखावलेली. मग हात कोपरापासून पूर्ण टेकता येईल असा वॉकर आणला. आमच्यासारख्यांना हे आधीच ठाऊक असावं. हिमोफिलियात सांधा एकटा नसतो. गुडघा बरा झाला की माणूस जास्त चालतो, आणि मग घोटा तक्रार करू लागतो. म्हणून ऑपरेशनआधी सगळेच सांधे तपासून घ्यावेत.

घरातही बदल करावे लागले. पलंगाची उंची वाढवली, कमोड बसवला, न्हाणीघरात दांडी लावली, अंघोळीला स्टूल आलं. खर्च फार नव्हता, पण हे सगळं ऑपरेशनच्या आधी झालेलं असणं महत्त्वाचं होतं.

काय बदललं, कसं मोजायचं

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया रुग्णांसाठी एक मोजपट्टी तयार झाली आहे. तिला 'फिश' म्हणतात. खाणं आणि आवरणं, अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतली ऊठबस, उकिडवं बसणं, चालणं, जिने आणि धावणं, अशी आठ कामं. प्रत्येकाला १ ते ४ गुण, एकूण ३२. उकिडवं बसणं त्यात आहे, यावरूनच ती आपल्याकडे तयार झाली आहे हे कळतं. ऑपरेशनपूर्वी माझे गुण १६ होते, वर्षभराने २४ झाले. उकिडवं बसणं आणि धावणं यांच्यापुढे आजही एकेकच गुण आहे.

पण काही गोष्टी कुठल्याच पट्टीत मावत नाहीत. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात एका सकाळी पत्नी म्हणाली, "काल रात्री मी एकदाही उठले नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं, आजवर आम्ही फक्त माझ्या झोपेचा हिशोब ठेवत होतो. वर्षाला वीस-बावीस दिवसांची माझी आजारपणाची रजा दोन-तीन दिवसांवर आली. कुणी लग्नाचं आमंत्रण दिलं की मी आधी 'जिने किती' असं विचारायचो, ते सुटलं. चिडचिड कमी झाली, असं मुलीचं म्हणणं आहे. ती तेव्हा बारा वर्षांची होती. मुलं अशा गोष्टी अचूक टिपतात.

आता गणपतीची पूजा मी उंच टेबलासमोर खुर्चीत बसून करतो. पहिल्या वर्षी चुकल्याचुकल्यासारखं झालं. गुरुजी म्हणाले, "देव तुमच्या डोळ्यांसमोर आला, हे काय वाईट?" आरतीला मात्र मी शेवटपर्यंत उभा असतो. पूर्वी 'सुखकर्ता' संपेपर्यंत भिंत शोधायचो.

रक्त तेच आहे

आता त्या 'सगळं बरं झालं ना' या प्रश्नाकडे. गुडघा बदलला, हिमोफिलिया नाही. आतलं रोगट अस्तर काढून टाकल्यामुळे नव्या गुडघ्यात रक्तस्राव क्वचित होतो. पण बाकीचे सांधे आणि स्नायू जसेच्या तसे आहेत. दात काढायचा तरी फॅक्टर लागतो. दंडात किंवा कमरेत स्नायूत द्यायचं इंजेक्शन आजही टाळायचं.

शिवाय काही नव्या जबाबदाऱ्या आल्या. कृत्रिम सांध्यात संसर्ग होण्याचा धोका आमच्यात इतरांपेक्षा जास्त असतो. शिरेतून वारंवार सुई जाते, त्या वाटेने जंतू आत जाऊ शकतात. म्हणून फॅक्टर घेताना हात साबणाने धुणं आणि जागा नीट पुसणं याला मी पूजेइतकं सोवळं मानतो. दात आणि हिरड्या सांभाळतो. गुडघा लाल झाला, गरम लागला, ताप आला किंवा आधी नसलेलं दुखणं सुरू झालं, तर 'बघू उद्या' म्हणायचं नाही. तसंच, बहुतेक कृत्रिम गुडघे पंधरा-वीस वर्षं टिकतात. बेचाळिसाव्या वर्षी बसवून घेतला म्हणजे कधीतरी पुन्हा बदलावा लागेल, हे मी धरून चाललो आहे. वजन वाढू देत नाही, रोजचा व्यायाम सोडत नाही.

आणि हो, विमानतळावर दाराखालून गेलं की शिट्टी वाजते. मुलगी म्हणते, बाबा आले हे सगळ्यांना कळतं.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांच्यासाठी

हिमोफिलिया असलेल्या बापाच्या सगळ्या मुली वाहक असतात, मुलगे नसतात. माझी मुलगीही वाहक आहे. तिची फॅक्टरची पातळी आम्ही तपासून घेतली, कारण काही वाहक मुलींमध्येही ती कमी असते. मामांच्या काळातली दडवादडवी आमच्याकडे आता नाही. तिला सगळं ठाऊक आहे. पुढे लग्नाच्या वेळी ते कुणाला आणि कसं सांगायचं, हे ती ठरवील.

ज्यांचा मुलगा आज चार-पाच वर्षांचा आहे त्यांना मला वेगळंच सांगायचं आहे. त्याच्यावर गुडघा बदलायची वेळ येऊ नये, असे दिवस आले आहेत. रक्तस्राव व्हायची वाट न बघता आधीच नियमित फॅक्टर देण्याची पद्धत आहे. हिमोफिलिया 'ए'साठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली द्यायचं औषध आहे, ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी एकदा घेता येतं. ते महाग आहे, म्हणून सरकारी रुग्णालयात आणि हिमोफिलिया संघटनेच्या जवळच्या शाखेत चौकशी करा. हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था १९८३ पासून काम करते आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

ज्यांचे गुडघे गेलेच आहेत, त्यांनी ऑपरेशनला भिऊ नये आणि भाबडेपणाने त्याला सामोरंही जाऊ नये. हिमोफिलिया रुग्णांची ऑपरेशनं केलेले सर्जन, रक्तविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट तिघंही एका ठिकाणी असतील तिथेच जा. पुरेसा फॅक्टर हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. इन्हिबिटरची तपासणी करून घ्या. आणि आपली दहा गोष्टींची यादी लिहून सर्जनच्या हातात द्या. त्यातल्या कुठल्या ओळींवर रेघ मारायची, हे त्यांनाच स्पष्ट विचारा.

एक विनंती आपल्या मंडळींनाही. आपल्या सभागृहांत कार्यक्रम होतात, पंगती बसतात, भारतीय बैठकीच्या मैफली होतात. मागच्या बाजूला दहा-बारा उंच खुर्च्या, व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा आणि एक कमोड एवढी सोय सगळीकडे झाली, तर मलाच नव्हे, गुडघे बदललेल्या सगळ्या काका-मावशींनाही शेवटच्या भैरवीपर्यंत थांबता येईल.